उपकरणाकडून वाचताना मधेच ‘एंड ऑफ फाइल’: हास्केलमध्ये हे पकडायचं कुठे?

निळा_दिवा

मंडळी, जरा डोकं लावा. यूएसबी-सीरियल अडॅप्टरमधून एक जीपीएस रिसीव्हर लिनक्सला जोडलाय. ४८०० बॉड, एनएमईए ०१८३ या मजकुरी प्रोटोकॉलची वाक्यं, दर सेकंदाला एक झुबका. प्रोग्राम हास्केलमध्ये आहे. तयार सीरियल लायब्ररी घेतलेली नाही, युनिक्स पॅकेजमधलं ओपन-एफडी आणि एफडी-रीड थेट वापरतोय. टर्मिनलची सेटिंग: व्हीमिन (किमान किती बाइट आल्यावर परतायचं) ०, व्हीटाइम (किती वेळ थांबायचं) १०. (फंक्शनांची नावं देवनागरीत लिहितोय, ओळखून घ्या.)

कधी तासभर छान चालतो, कधी सुरू होताच मरतो. मरताना एकच ओळ: ‘एफडी-रीड: एंड ऑफ फाइल’.

फाइलच नाही तर शेवट कसला, हे आधी सांगा. रिसीव्हर तर चालूच आहे, दिवा लुकलुकतोय.

अख्ख्या लूपला कॅच लावला, तर मरत नाही पण शांतपणे संपतो. कॅच लूपच्या आत घेऊन ‘चूक आली की पुन्हा वाच’ केलं, तर चालतं. मात्र केबल उपसली की एक कोर शंभर टक्क्यांवर जातो आणि प्रोग्रामला पत्ताच नसतो की समोर कोणी उरलेलं नाही. या दोन्हीच्या मधली वाट काय?

टर्मिनलवाली

आधी हास्केल बाजूला ठेवा. खाली कर्नलचा रीड नावाचा कॉल आहे आणि तो फक्त एक आकडा परत देतो. धन आकडा म्हणजे तितके बाइट आले. उणे एक म्हणजे चूक, कारण एरनोमध्ये (चुकीचा क्रमांक ठेवायची जागा). आणि शून्य. सगळा घोळ या शून्यात आहे.

साध्या फाइलवर शून्य म्हणजे शेवट, विषय संपला. सीरियल पोर्टवर, कॅनॉनिकल मोड (ओळ पूर्ण झाल्यावरच वाचायला देणारा) बंद असताना, व्हीमिन ० आणि व्हीटाइम शून्याहून जास्त असेल तर शून्याचा अर्थ ‘ठरवलेल्या वेळात काही आलं नाही’ एवढाच. व्हीटाइम सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात, म्हणजे तुमचे १० म्हणजे बरोब्बर एक सेकंद. आणि रिसीव्हर बोलतो दर सेकंदाला. झुबक्यांमधली शांतता एक सेकंदाला टेकली, की तुमच्या हातात शून्य. तासभर चालण्याचं आणि मधेच मरण्याचं कोडं बहुधा इथेच सुटतंय.

एफडी-रीडला यातलं काही ठाऊक नसतं. शून्य दिसलं की तो ‘ईओएफ’ जातीचा अपवाद फेकतो. त्याच्या शेजारीच एफडी-रीड-बफ आहे, तो अपवाद न फेकता आकडा तसाच हातात देतो. उपकरणासाठी तोच बरा, कारण अर्थ लावायचं काम तुमच्याकडे राहतं. (एफडी-रीडचं वागणं तुमच्या आवृत्तीच्या दस्तऐवजात एकदा पाहून घ्या.)

आता केबल उपसल्यावर काय होतं? यूएसबी-सीरियल निघालं की कर्नल त्या टीटीवायला (टर्मिनल उपकरणाला) ‘हँग-अप’ करतो, म्हणजे जोडणी तुटली असं ठरवतो. त्यानंतरचा प्रत्येक रीड लगेच, न थांबता, शून्य देतो. क्वचित त्या क्षणी ईआयओ ही इनपुट-आउटपुटची चूकही मिळते. म्हणजे तुमच्या सेटिंगमध्ये ‘थोडं थांब’ आणि ‘समोरचा गेला’ या दोन्हींचं उत्तर एकच आहे, शून्य. तो आकडा पाहून फरक ओळखता येणारच नाही, वर कितीही सुंदर मोनाड रचा.

उपाय: व्हीमिन १, व्हीटाइम ०. मग शून्य फक्त हँग-अपवरच येतं. थांबण्याची मर्यादा हास्केलकडून लावा. थ्रेड-वेट-रीडला (वाचण्याजोगं काही येईपर्यंत थांबणारं फंक्शन) टाइमआउटमध्ये गुंडाळा (तिथे आकडा मायक्रोसेकंदात, म्हणजे तीन सेकंदांना ३००००००). नथिंग आलं (वेळ संपली) तर उपकरण गप्प आहे. जस्ट आलं तर एफडी-रीड-बफ करा, आणि तिथे शून्य आलं तर उपकरण गेलंय.

टाइमआउट थेट रीडभोवती गुंडाळू नका. तो दुसऱ्या थ्रेडकडून अपवाद फेकून काम करतो आणि सी-कॉलमध्ये अडकलेल्या थ्रेडला साधारणपणे हलवू शकत नाही. थ्रेड-वेट-रीडमध्ये थांबलेल्या थ्रेडला हलवू शकतो.

चौथा_बाइट

वरचं सगळं पटलं, पण ‘सुरू होताच मरतो’ याचं उत्तर त्यात नाही. निळा_दिवा, कॅनॉनिकल मोड खरंच बंद केलाय का? हास्केलच्या सिस्टम-पोसिक्स-टर्मिनलमध्ये त्याला सी-मधल्यासारखं आयकॅनॉन म्हणत नाहीत. त्याचं नाव प्रोसेस-इनपुट आहे, आणि शोधणाऱ्याच्या ते नजरेतून हमखास सुटतं.

तो चालू राहिला तर व्हीमिन-व्हीटाइमला काही अर्थच उरत नाही आणि टीटीवाय ओळीओळीने वाचतो. त्या मोडमध्ये हेक्स ०४ हा बाइट म्हणजे कंट्रोल-डी. ओळीच्या सुरुवातीला तो आला की रीड शून्य देतो. उपकरणाने पाठवलेला निव्वळ डेटा, आणि तुमच्या प्रोग्रामला वाटतं कोणीतरी कीबोर्डवर बसून निरोप घेतला.

एनएमईए हा साधा मजकूर असल्याने त्यात ०४ सहसा येत नाही. पण बॉड चुकीचा असेल तर कचरा येतो, आणि कचऱ्यात काहीही असतं. काही रिसीव्हर मजकुराऐवजी बायनरी प्रोटोकॉल बोलतात, त्यात तर ०४ राजरोस येणार.

तिथेच असताना बाकीचेही बंद करा: मॅप-सीआर-टू-एलएफ (दशमान १३ चा १० करून टाकतो), स्टार्ट-स्टॉप-आउटपुट (हेक्स ११ आणि १३ गिळतो), कीबोर्ड-इंटरप्ट्स, आणि मुख्य म्हणजे एनेबल-इको. इको चालू असेल तर उपकरण जे बोलतं ते त्यालाच परत ऐकवलं जातं, आणि काही उपकरणं ते आज्ञा समजून घेतात. मग तुम्ही बसा शोधत.

अवांतर: पोसिक्सने (युनिक्सांच्या सामाईक मानकाने) व्हीमिन आणि व्हीईओएफ (कंट्रोल-डीचा बाइट ठरवणारी सेटिंग) एकाच खणात ठेवायला परवानगी दिलीय आणि काही युनिक्सांत ते तसे असतातही. लिनक्सच्या नेहमीच्या मशीनवर वेगळे आहेत.

आळशी_यादी

एवढा खटाटोप कशाला? ओपन-फाइल, एच-गेट-कंटेंट्स, लाइन्स, मॅप. चार ओळी. हास्केल त्यासाठीच तर आहे ना? ईओएफ आलं की यादी संपते, अपवाद नाही, काही नाही.

शेपटीचा_फोल्ड

@आळशी_यादी, हार्डडिस्कवरच्या लॉग फाइलसाठी तुमच्या चार ओळी मीही लिहीन. उपकरणासाठी नाही, आणि कारण वैचारिक नसून अगदी व्यावहारिक आहे. एच-गेट-कंटेंट्स हँडलला ‘अर्धबंद’ करतो. हास्केल रिपोर्टनुसार अर्धबंद असताना आलेल्या आयओ चुका सरळ टाकून द्यायच्या असतात. मग यादी संपली ती डेटा संपला म्हणून की केबल तुटली म्हणून, हे यादीकडे पाहून कळत नाही. शिवाय ती संपली की हँडल बंद झालेलं असतं, त्याच हँडलवरून पुन्हा वाचायची सोय नाही.

याहून मोठा घात एच-गेट-लाइन करतो. ओळीच्या सुरुवातीलाच ईओएफ आलं तर तो अपवाद फेकतो, हे सगळ्यांना माहीत असतं. ओळीच्या मधे ईओएफ आलं तर? ते ओळीचा शेवट मानून, हातात आलेला अर्धा तुकडा पूर्ण ओळ म्हणून परत देतो. दस्तऐवजात तसं स्पष्ट लिहिलंय.

समजा अक्षांशाचं क्षेत्र ‘४८०७.०३८’ असं यायचं होतं, म्हणजे ४८ अंश ७.०३८ मिनिटं. जोडणी तुटली ती ‘४८०७.०’ वर. हा धडधाकट आकडा आहे, तुमचा पार्सर आनंदाने घेईल. फरक ०.०३८ मिनिटाचा. अक्षांशाचं एक मिनिट साधारण १८५२ मीटर, म्हणजे बिंदू सुमारे ७० मीटर सरकला. अपवाद नाही, इशारा नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही.

म्हणून ‘ईओएफ पकडायचं कसं’ या प्रश्नाच्या आधी ‘अर्धवट वाक्य ओळखायचं कसं’ हा प्रश्न येतो. एनएमईएने त्याची सोय करून ठेवलीय: डॉलरने सुरुवात, तारकेनंतर दोन हेक्स अंकांची चेकसम, मग सीआर-एलएफ. डॉलर आणि तारका यांच्या मधल्या सगळ्या बाइटांचा एक्स-ऑर घ्यायचा. चेकसम जुळली तरच ते वाक्य. ओळ मिळाली म्हणजे वाक्य मिळालं असं समजू नका.

आता फंक्शनल भाग. मी असा प्रकार ठरवतो:

डेटा वाचन = आले बाइट्स | गप्प | गेलं कारण

हे तीन अर्थ तयार करण्याचं काम एकाच छोट्या आयओ फंक्शनचं. टर्मिनलवालींनी सांगितलेलं थ्रेड-वेट-रीड, टाइमआउट, शून्याची तपासणी, एरनो, सगळं त्यात. त्याच्या वर कोणालाही ‘ईओएफ’ हा शब्द दिसता कामा नये. वर असतं शुद्ध फंक्शन:

पाऊल :: उरलेलं -> वाचन -> (उरलेलं, [घटना])

‘आले’ मिळालं तर उरलेल्याला जोडायचं, पूर्ण वाक्यं कापून काढायची, चेकसम तपासायची, शेपूट ‘उरलेलं’ म्हणून पुढे द्यायचं. ‘गप्प’ मिळालं तर उरलेलं तसंच ठेवायचं. ‘गेलं’ मिळालं तर उरलेलं टाकायचं, पण मुकाट्याने नाही: ‘इतके बाइट अर्धवट राहिले’ अशी घटना बाहेर द्यायची. हा आकार मॅप-अक्युम-एलचाच (स्थिती पुढे नेत यादीवर चालणाऱ्या फंक्शनचाच) आहे, त्यामुळे यादीवर चालवून तपासता येतो, उपकरण लागत नाही.

जुनीखोड

थोडा विरोध नोंदवतो. अपवाद वाईट नाहीत. केबल रोज उपसली जात नाही, ती खरोखर अपवादात्मक घटना आहे. मी ‘गेलं’ हा अपवादच ठेवेन, आणि ‘आले’ व ‘गप्प’ यांसाठी मेबी (जस्ट किंवा नथिंग) पुरे.

पण मग अपवाद पकडायची जागा नीट निवडा. लूपचं अंग कॅचमध्ये घालून त्याच अंगाच्या शेवटी लूपला पुन्हा हाक मारली, तर प्रत्येक फेरीला एक नवा हँडलर स्टॅकवर चढतो आणि उतरत नाही. हँडलरच्या आतून लूप सुरू केला तर आणखी गंमत: हँडलर चालू असताना बाहेरून येणारे असिंक्रोनस अपवाद रोखलेले असतात, म्हणजे लूप कुठेतरी अडून थांबेपर्यंत तुमचा टाइमआउट मुका. फक्त एका वाचनाला ट्राय लावा, ईदर (चूक किंवा उत्तर) हातात घ्या, आणि पुढचं पाऊल ट्रायच्या बाहेर टाका. ट्राय-जस्टला इज-ईओएफ-एरर गार्डशी जोडून दिलं तर बाकीच्या चुका आपोआप वर जातात.

आणि सम-एक्सेप्शन (ज्यात सगळेच अपवाद बसतात तो प्रकार) पकडू नका. त्यात टाइमआउटचा स्वतःचा अपवादही गिळला जातो.

शेपटीचा_फोल्ड

@जुनीखोड, मान्य, दोन्ही चालतं. माझा आग्रह एवढाच की ‘गप्प’ आणि ‘गेलं’ एका डब्यात नकोत. सगळं मेबीमध्ये कोंबलं की नथिंगचा अर्थ दर फाइलला बदलतो.

पार्सरपंडिता

याच मुद्द्याला धरून, कारण इथे बरेच जण अडतात. ॲटोपार्सेक ही पार्सर लायब्ररी वापरणार असाल तर जपून. तो तुकड्यातुकड्याने खातो, अर्धवट राहिलं की पार्शल देतो, तुम्ही पुढचा तुकडा भरवता. पण रिकामी बाइटस्ट्रिंग भरवली, तर त्याचा अर्थ तो ‘इनपुट संपलं’ असा घेतो. तसं ठरलेलंच आहे.

आता पहा: टाइमआउटवर रिकामी बाइटस्ट्रिंग देणारं वाचन फंक्शन आणि ॲटोपार्सेक एकमेकांना जोडले. रिसीव्हरने वाक्याच्या मधे जरा श्वास घेतला. रिकामी स्ट्रिंग पार्सरकडे गेली. पार्सर म्हणतो ‘नॉट इनफ इनपुट’ आणि नापास. वाक्याचा उरलेला अर्धा भाग पुढच्या वाक्याची सुरुवात म्हणून वाचला जातो, आणि तेही नापास. एच-गेट-नॉनब्लॉकिंगने हेच होतं, कारण ‘आत्ता काही नाही’ यालाही तो रिकामी स्ट्रिंगच देतो. एच-गेट-समचं तसं नाही. तो काहीतरी येईपर्यंत थांबतो, त्यामुळे त्याची रिकामी स्ट्रिंग म्हणजे ईओएफच.

बायनरी पॅकेजचा इन्क्रिमेंटल डिकोडर याबाबत जास्त शहाणा आहे. त्याचा पार्शल मेबी बाइटस्ट्रिंग मागतो. शेवट सांगायचा तर नथिंग, तुकडा द्यायचा तर जस्ट. ओलेग किसेल्योव यांच्या इटरेटी या प्रवाह वाचायच्या पद्धतीतही प्रवाहाचे दोनच आकार होते, तुकडा किंवा ईओएफ, आणि ईओएफबरोबर हवं तर चुकीचं कारण जोडता यायचं. कॉन्ड्युट या प्रवाह-लायब्ररीचा अवेट मेबी देतो तो याच घराण्यातला.

दुसरी_भाषा

ओकॅमलवाल्यांसाठी: जुना इनपुट-लाइन एंड-ऑफ-फाइल अपवाद फेकतो. आवृत्ती ४.१४ पासून इन-चॅनल मॉड्यूलमधला इनपुट-लाइन ऑप्शन देतो. युनिक्स-रीड मात्र शून्यच देतो, म्हणजे टर्मिनलवालींची सगळी कथा तिथेही जशीच्या तशी. एलिक्सिरमध्ये आयओ-रीड डेटा, ईओएफ हा ॲटम, किंवा एरर-टपल, असं आधीच वेगळं करून देतो. तिथली मंडळी पोर्ट वाचणारी प्रोसेस मरू देतात आणि सुपरवायझर ती पुन्हा उठवतो. हास्केलमध्ये तेवढं फुकट मिळत नाही.

निळा_दिवा

काय प्रतिसाद आलेत! प्रोसेस-इनपुट खरोखर चालू होतं. ते आणि बाकीचे झेंडे उतरवले, व्हीमिन १ केलं, ‘आले, गप्प, गेलं’ हा प्रकार घेतला. आता रिसीव्हर गप्प बसला की ‘गप्प’ येतं, केबल उपसली की एकदाच ‘गेलं’ येतं आणि कोर शांत.

दोन शंका उरल्यात. एक, केबल पुन्हा लावली की टीटीवाय-यूएसबी-० ऐवजी टीटीवाय-यूएसबी-१ उगवतं. दोन, केबल उपसत बसण्याऐवजी हे तपासायचं कसं?

टर्मिनलवाली

पहिलं: जुना डिस्क्रिप्टर (उघडलेल्या पोर्टची कर्नलकडची खूण) उघडाच राहिला असणार. तो धरून ठेवला असेपर्यंत कर्नल तो क्रमांक मोकळा करत नाही. ‘गेलं’ आलं की आधी बंद करा, मग शोधायला लागा. सगळं ब्रॅकेटमध्ये (काम संपलं की आवरून घेणारं फंक्शन) घातलंत तर हे आपसूक होतं. शिवाय क्रमांकावर विसंबू नका. डेव्ह, सीरियल, बाय-आयडी या फोल्डरात उपकरणाच्या ओळखीनुसार सिमलिंक असते, ती उघडा. पुन्हा उघडताना दोन प्रयत्नांच्या मधे थोडं थांबा, नाहीतर शंभर टक्क्यांचा तोच खेळ दुसऱ्या दाराने सुरू होईल.

शेपटीचा_फोल्ड

दुसरं: शुद्ध भागाला क्विकचेक (वाटेल ते इनपुट बनवून गुणधर्म तपासणारी लायब्ररी) लावा. एक ज्ञात बाइटमाला घ्या, ती वाटेल तिथे कापा, मधे मधे ‘गप्प’ पेरा, आणि घटनांची यादी दर वेळी तीच येते का पहा. कुठेही कापलं तरी निकाल बदलता कामा नये. माझ्या अनुभवात या एका गुणधर्मात बहुतेक चुका सापडतात, विशेषतः काप नेमका सीआर आणि एलएफ यांच्या मधे पडला तर. मालेच्या शेवटी ‘गेलं’ टाकून दुसरा गुणधर्म लिहा: अर्धवट वाक्यातून एकही स्थान-घटना बाहेर पडता कामा नये.

आयओच्या छोट्या फंक्शनसाठी सोकॅट या साधनाने पीटीवायची (नकली टर्मिनलची) जोडी करा. एका टोकाला वाक्यं ओता, दुसरं टोक तुमच्या प्रोग्रामला द्या. मग सोकॅट मारून टाका. प्रोग्रामकडच्या टोकाला हँग-अप मिळतो, केबल उपसल्यासारखाच.

चौथा_बाइट

एक पुरवणी, कारण हे उलट्या बाजूने केलं तर गोंधळ होतो. तुमचा प्रोग्राम पीटीवायच्या मास्टर टोकाकडून वाचत असेल आणि स्लेव्ह बंद झाला, तर लिनक्सवर शून्य मिळत नाही, ईआयओ मिळतो.

निळा_दिवा

मग ईआयओ सरसकट ‘गेलं’ धरू?

चौथा_बाइट

सीरियल आणि पीटीवायसाठी धरा. तेच फंक्शन उद्या साध्या फाइलवर चालवलंत तर ईआयओ म्हणजे डिस्क वाचता आली नाही, आणि ते ‘डेटा नीट संपला’ म्हणून खपवलंत तर पंचाईत. नेम्ड पाइपचं आणखी तिसरंच: लिहिणारा शेवटचा गेला की शून्य, पण नवा लिहिणारा आला की त्याच डिस्क्रिप्टरवर पुन्हा बाइट येऊ लागतात. म्हणून शून्याचा आणि एरनोचा अर्थ लावणारं कोष्टक पोर्ट उघडणाऱ्या फंक्शनकडूनच येऊ द्या. आपण काय उघडलंय हे फक्त त्यालाच माहीत असतं.